खाली कुर्सी

आई गेल्यावर चार महिन्यांनी मी आमच्या हिंदीभाषक शहरातल्या एका प्रयोगशाळेत सहायक म्हणून रुजू झाले. स्मृतिभ्रंशात मेंदूतल्या राखणदार पेशी बिथरतात आणि चांगल्या पेशींवरही तुटून पडतात. त्याच्या खुणा रक्तात सापडतात का, हे तिथे शोधत होते. आईला हाच आजार होता. त्याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. आता हातांनी काही करायचं होतं.

आलेल्या माणसाची स्मरणाची चाचणी घ्यायची, मग रक्त, मग नळीवर क्रमांक. चाचणीत ठरलेल्या गुणांपेक्षा कमी पडले की नळी आजारी माणसांच्या रांगेत जाई आणि घरच्यांनाही तसं सांगितलं जाई.

एकदा शहरातल्याच गोहलपूर वस्तीतून एक मावशी सुनेबरोबर आल्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. "जय भीम, पोरी," म्हणत खुर्चीत बसल्या. चाचणीचा कागद हिंदीत होता, तो मी नेहमीसारखा वाचत गेले. "काग़ज़ आधा मोड़िए और खाली कुर्सी पर रख दीजिए." मावशींनी नीट घडी घातली, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि समोरच्या खुर्चीखाली कागद सरकवला.

मी शून्य लिहिलं. सून हसली. "देखा दीदी? घर में भी ऐसा ही करती हैं."

"काहून हासून राहिली वं?" मावशी उसळल्या. "बाईनंच सांगतलं न खाली ठेवाले!"

माझं पेन थांबलं. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. आमच्या घरात खाली म्हणजे तळाशी. मी त्याच बोलीत वाढले, आणि तरी हे वाक्य किती जणांना वाचून दाखवलं होतं! ठरलेल्या गुणांपेक्षा बेरीज एका गुणाने कमी भरत होती. लक्षात ठेवायला सांगितलेल्या तीन शब्दांपैकीही मावशींना एकच आठवला होता, पण तेही हिंदी शब्दच.

शून्य खोडून एक करणं सोपं होतं. मी रक्त घेतलं नाही. त्यांना पुन्हा यायला सांगितलं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेले.

"आज एक के नंबर बढ़ाओगी, कल सबके," मॅडम म्हणाल्या.

"बढ़ाने नहीं आई, मॅडम. मराठी में दोबारा लेने दीजिए."

"और फिर भी कम आए तो?"

"तो वही लिखूँगी."

आईचीही चाचणी एका दवाखान्यात हिंदीतच झाली होती. मी दाराबाहेर पुस्तक उघडून बसले होते. आत तिला काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं, मी विचारलंच नाही. हे मॅडमना सांगितलं नाही. प्रश्नांचं मराठी मात्र करून नेलं. त्यांनी तीनदा परत केलं, तिन्ही वेळा मी दुरुस्त केलं. शेवटी त्यांनी सही केली आणि स्वतः शेजारी बसायचं कबूल केलं.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या. "हा कागद रिकाम्या खुर्चीवर ठेवा," मी म्हटलं. त्यांनी ठेवला. मला एवढं बरं वाटलं की पुढचा प्रश्न विचारायला क्षणभर उशीर झाला.

"मघाशी तीन शब्द सांगितले होते, मावशी. कोणते?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "शब्द? तू कुठं सांगतले?"

मी वाट पाहिली. नियमात होती तेवढी, आणि थोडी जास्तच. एकही शब्द आला नाही. कागदापुढे मी एक गुण लिहिला, शब्दांपुढे शून्य. बेरीज पुन्हा कमीच भरली.

"पास झाली का वं मी?"

सून आता हसत नव्हती. मला "छान झालं" म्हणून उठता आलं असतं.

"कागदाचं बरोबर आलं, मावशी. शब्द विसरलात तुम्ही. तिन्ही."

त्यांनी पदर सारखा केला. "मंग तसंच लिही," म्हणाल्या, आणि बाही वर सरकवून हात पुढे केला.