आमचे सासरे आणि धुक्यात गेलेला नावाडी

पृथ्वीवर राहून पृथ्वीशी इतका जेमतेम संबंध ठेवणारा माणूस मी आमच्या सासऱ्यांखेरीज, म्हणजे अण्णांखेरीज, दुसरा पाहिलेला नाही. वाणसामान, पाणीपट्टी, गुडघेदुखी आणि जावई एवढ्यांपुरते ते रत्नागिरीत राहतात. बाकी सगळा वेळ त्यांचा मुक्काम कुठल्या तरी दोन सूर्यांच्या ग्रहावर, नाहीतर डोंगराच्या पोटात ड्रॅगन झोपलेला असतो अशा मुलखात असतो. ज्या वयात आमच्याकडची माणसं पोथी लावतात त्या वयात त्यांनी परग्रह धरला. सकाळी मारुती मंदिराकडे कोथिंबीर आणायला गेलेले अण्णा तासाभराने परत येतात आणि चपला काढता काढता म्हणतात, "कालच्या त्या यानाचं काय मनातून जात नाय बघा. येवढी शिकलेली माणसं, आणि दार लावायला विसरली!" सासूबाई आतून विचारतात, "आणि कोथिंबीर?" कोथिंबीर अर्थातच आलेली नसते.

जन्मभर त्यांनी एसटीत वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. गुहागर सुटली, देवरूख आली, संगमेश्वर घाटात अडकली, हे भोंग्यावरून सांगण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे कल्पनेच्या कितीही भराऱ्या मारल्या तरी त्यांचा एक डोळा फलाटावर असतोच. मागे एका अंतराळपटाला ते मला घेऊन गेले. नेहमीच्या चष्म्यावर थिएटरवाल्यांचा थ्रीडीचा चष्मा, त्यावर तो घसरू नये म्हणून कानटोपी, अशा थाटात ते बसले होते. पडद्यावर यान बंद पडलं, प्राणवायू संपत आला, नायिका काचेला हात लावून रडू लागली, आणि सगळं थिएटर चिडीचूप असताना अण्णांचा भोंग्यावर घडलेला आवाज उमटला, "जादा ड्रायव्हर नाय घेतलेला! मागनं दुसरी गाडी पाठवायची सोय नाय! सोडलंच कसं हे आगारातनं?" पुढे नायिका वाचली, पण प्रेक्षकांना त्याचं फारसं सोयरसुतक उरलं नव्हतं, सगळे मागे वळून अण्णांकडे बघत होते. काळातून मागे जाणाऱ्या माणसाचा सिनेमा तर त्यांना मुळीच पटला नाही. नायक निघायच्या आधीच परत पोचला, यावर त्यांचं म्हणणं एवढंच, "सुटायच्या आधी पोचणाऱ्या ड्रायव्हरला आम्ही दुसऱ्या दिवशी साहेबापुढे उभा केला असता."

अवकाशाला भोक पडून माणूस या टोकाचा त्या टोकाला कसा निघतो, हे त्यांनी एकदा सासूबाईंना समजावून दिलं. आंबा घाट चढायचाच नाही, डोंगराला असं एक भोक की इकडून पाय टाकला की तिकडे थेट कोल्हापूर. सासूबाई सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ते सगळं खरं हो, पण आधी मुंबईचा हायवे पुरा करा म्हणावं त्यांना." सासूबाईंनी उभ्या जन्मात यातलं एक पुस्तक उघडलेलं नाही, पण रोज दुपारी अण्णा वाचलेलं सांगतात आणि त्या हातातलं काम न थांबवता ऐकतात. कुठल्या राणीने कुणाला विष घातलं, कुठला चेटक्या खरा आणि कुठला ढोंगी, हे त्यांना शेजारणीच्या सुनांपेक्षा जास्त ठाऊक आहे. लढाई त्यांना आवडत नाही. लढाई आली की त्या "जेवली का ती माणसं?" असं विचारून अण्णांची लय बिघडवतात.

मी मूळचा सांगलीकडचा आणि पेशाने बँकेतला. कल्पनाशक्ती म्हणाल तर शाळेत 'मी पंतप्रधान झालो तर' हा निबंधसुद्धा मी गाईडातून पाठ करून लिहिला होता. मुलगी बघायला रत्नागिरीला गेलो तेव्हा पगार, घर, व्यसन असे प्रश्न येतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. अण्णांनी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "समजा, उद्या सकाळी तुमच्या दारात यान उभं राहिलं नि आतनं कोण म्हणालं, चला. तर काय कराल?" माझे वडील माझ्याकडे पाहू लागले, मी वडिलांकडे. शेवटी मी म्हणालो, "रजेचा अर्ज टाकीन." अण्णा इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे लग्न ठरवलं. "नाय म्हणाला नाय," ते आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "आणि न सांगता पण गेला नाय. पोरगी सुखात राहील." पुढे बदली घेऊन मी रत्नागिरीतच, सासऱ्यांच्या घराजवळ राहायला आलो. माझी बायको आजही हा प्रसंग चारचौघांत सांगते आणि मी आजही लाजतो.

या सगळ्या वेडाची सुरुवात एका विसरलेल्या पुस्तकापासून झाली. निवृत्तीच्या जरा आधी गुहागरच्या गाडीत कुणी परदेशी पाहुणा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सोडून गेला. ते नियंत्रकाच्या केबिनमध्ये आलं, पडून राहिलं, कुणी न्यायला आलं नाही. मालकाचा पत्ता सापडतो का बघावं म्हणून अण्णांनी ते उघडलं आणि मालक राहिला बाजूला, तेच त्यात राहायला गेले. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान त्यांनी खाल्लं. ती एक मोठी अद्भुतकथा होती, राजेरजवाडे, ड्रॅगन, शापित तलवारी सगळं असलेली. आणि हा तिचा दुसरा खंड होता. पहिला त्यांनी नंतर मागवला. या दुसऱ्या खंडाच्या अगदी सुरुवातीला एक म्हातारा नावाडी येतो. त्याला नावसुद्धा नाही. खाडी ओलांडायला आलेल्या चार माणसांना तो होडीत घेतो, बायकोला "येतोच" म्हणतो आणि धुक्यात शिरतो. झालं. पुढे खंडामागून खंड आले, राज्यं बुडाली, ड्रॅगन म्हातारे झाले, पण नावाडी काही धुक्यातून बाहेर आला नाही. लेखक त्याला साफ विसरला होता. जगभरातले वाचक सिंहासनावर कोण बसणार म्हणून जीव टांगणीला लावून बसले होते. आमच्या अण्णांना सिंहासनाचं काही पडलेलं नव्हतं. "राजा मेला तर दुसरा येतो," ते म्हणायचे. "सुटलेली होडी परत लागली का नाय, ते सांगा. ती बाई किनाऱ्यावर उभी आहे अजून."

शेवटचा खंड काही केल्या येईना. लेखकाचं वय झालेलं, त्यात तो आजारी असल्याची बातमी अण्णांनी कुठेतरी मोबाइलवर वाचली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. शिमगा जवळ आला होता. आम्ही सगळे संगमेश्वरजवळच्या त्यांच्या गावी गेलो, देवाची पालखी अंगणात आली, ओटी भरली, आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायला विचारलं, "काय मागणं हाय, अण्णानू?" गुरवाकडे लोक काय काय मागतात! नोकरी, लग्न, बांधाचा तंटा, आखातातला व्हिसा. अण्णांनी त्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मला वाटलं, गुरव हसेल. गुरवाने फक्त विचारलं, "नावाड्याचं नाव नाय ठावं? बरं, नसू दे. देवाला ठावं आसंल." आणि त्याने खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! सातासमुद्रापल्याड जो कोन लिवनारा सायेब हाय, त्याची इडापिडा दूर कर म्हाराजा!" सगळं अंगण म्हणालं, "व्हय म्हाराजा!" "त्याच्या हातनं ऱ्हायलेलं काम पुरं करून घे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आनि जो कोन नावाडी धुक्यात वाट चुकलाय, त्याला होडीसकट, होडीतल्या मानसांसकट सुखरूप घरला आन म्हाराजा!" या वेळचं "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठं झालं. मागे उभी असलेली एक म्हातारी डोळ्याला पदर लावून सासूबाईंना विचारत होती, "कुटला म्हनायचा गो, जयगडचा?"

देवाने निम्मं मागणं तर लगेच ऐकलं. साहेब बरा झाला आणि पुस्तक पुरं झाल्याची बातमी आली. अण्णांनी ती मला ऑफिसात फोन करून, अगदी भोंग्याच्या आवाजात दिली. पण त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांनी मात्र दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पडदा झिजलाय. आहे तेवढी नजर जपायची. अण्णांना माणसं दिसत, भिंती दिसत, ताटातला भात आणि मासा वेगळा ओळखू येई, पण अक्षर दिसेना. पार्सल आलं तेव्हा त्यांनी ते पुस्तक हुंगलं, तळहातावर तोललं, भिंगाखाली धरलं, खिडकीशी नेलं, उन्हात नेलं. मग शांतपणे टेबलावर ठेवून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "आता मी काय ऐकू दुपारचं?" या बाईंना स्वतःसाठी काही मागताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती शेजारच्या तालुक्याला नोकरीला, घरी यायला तिला उशीर. बँक मात्र वेळेवर सुटते. पुस्तक वाचून दाखवायचं काम अशा रीतीने घरातल्या सर्वांत अपात्र माणसाकडे आलं.

मी संध्याकाळी चहा झाला की वाचायला बसत असे. आधी इंग्रजी मनात वाचायचं, मग मराठीत सांगायचं. पण माझी मराठी पडली बँकेतली. "सदर राजाने उपरोक्त सरदारास किल्ला रिकामा करण्याबाबत कळवलं," असं मी सांगू लागलो की अण्णा कपाळाला हात लावत. महाराणीचा वध झाला त्या दिवशी सासूबाईंनाही राहवलं नाही. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "बाई मेलीय तिथं. नोटीस नका काढू." हळूहळू माझी जीभ जरा सैल झाली. तलवारीचा आवाज काढता येऊ लागला. ड्रॅगनसाठी मी घशातून एक घरघर बसवली, ती ऐकून शेजारच्यांनी मला खोकल्याचं औषध आणून दिलं. आणि रोज, पुस्तक मिटलं की अण्णा अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "आज काय नाय ना दिसला तो?" मी म्हणायचो, "अजून बरंच आहे पुस्तक." ते म्हणायचे, "हां. येईल. धुकं असलं की उशीर होतोच."

एका दुपारी बँकेत डबा खाताना मला राहवलं नाही आणि मी उरलेलं सगळं पुस्तक चाळून काढलं. नावाडी त्यात नव्हता. एका वाक्यापुरताही नव्हता. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांना सांगून टाका." पोळी लाटता लाटता थांबली, म्हणाली, "नको, सांगू नका." मग म्हणाली, "मला काही सुचत नाही हो." मला तरी काय सुचणार! पुस्तकातल्या एका बिननावाच्या माणसासाठी माझा डबा अर्धा तसाच परत यावा, याचं मला माझंच नवल वाटत होतं. पण खरं सांगतो, या माणसाने इतकी वर्षं जी होडी परत यायची वाट पाहिली, ती येत नाही हे त्याला माझ्या तोंडून कळणार, याची मला भयंकर भीती वाटली.

शेवटच्या संध्याकाळी राजाचा अभिषेक झाला, सैन्यं घरोघर गेली, ड्रॅगन उत्तरेला उडाला. मी शेवटचं वाक्य सांगितलं आणि सवयीने पुस्तक मिटलं. सासूबाईंचे हात कोकमांवर थांबले होते. अण्णा आरामखुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"येवढंच?" त्यांनी विचारलं.

"नाही, थोडं आहे अजून," मी म्हणालो. तोंडातून कसं निघालं कोण जाणे. "सकाळची वेळ. खाडीवरचं धुकं हलायला लागलंय. आधी वल्ह्याचा आवाज येतो. मग होडीचं नाक दिसतं."

"भरती का ओहोटी?" अण्णांनी विचारलं.

"भरती. होडी भरतीबरोबर आत येतेय. म्हाताऱ्याची दाढी वाढलीय. खांदे उतरलेत, पण वल्हं सोडलेलं नाही."

"आणि माणसं?"

"चारीच्या चारी. एकाला ताप होता, आता उतरलाय."

"जेवली का ती?" हे सासूबाईंनी विचारलं, अगदी हळू.

"किनाऱ्यावर त्याची बायको उभी आहे. तिने पेज करून ठेवलीय. ती रागावलीय, बोलत नाही. तो होडी ओढून वर घेतो, दोर बांधतो, पाय धुतो. म्हणतो, धुकं फार होतं गो. ती म्हणते, जेवून घ्या आधी."

मी थांबलो. पुढे काही येत नव्हतं, आणि खरं तर पुढे काही नव्हतंच.  अण्णांनी हात लांब केला, माझ्या मांडीवरचं पुस्तक चाचपलं, त्याच्या मिटलेल्या कडेवरून बोटं फिरवली, आणि हात तसाच पुस्तकावर ठेवला.

"परत सांगा," ते म्हणाले. "वल्ह्याचा आवाज येतो तिथपासनं. आणि जरा सावकाश."