टकटकमामांचा कान

जुन्या गाड्यांची किंमत ठरवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे टकटकमामा म्हणत. बोटाच्या पेराने पत्रा ठोकायचा आणि कान द्यायचा, एवढीच त्यांची विद्या. कोरा पत्रा खणखणतो. चेपलेली जागा बुजवायला आत पुट्टी भरली असेल तर आवाज दबतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन हिंडणाऱ्यांना मामा ‘थर्मामीटरवाले’ म्हणत आणि वर ऐकवत, “हातच्या काकणाला आरसा कशाला?” असं बोलणाऱ्याने म्हातारं होऊ नये.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी त्यांना बोलावलं होतं. नवऱ्याच्या मागे त्याची स्पोर्ट्स कार शेडमध्ये धूळ खात पडली होती. रंग विटलेला, सीटची शिवण उंदरांनी उसवलेली. मामा खूश झाले. कुणी हात न लावलेली असली गाडी म्हणजे सोनं. पण एका जरी दारात पुट्टी निघाली तर भाव निम्मा. पुट्टीवर लोहचुंबक चिकटत नाही, पण इथे तो लावून बघायचीही सोय नव्हती, कारण पत्राच ॲल्युमिनियमचा होता.

“गिऱ्हाईक म्हणतंय, मामांचा शब्द आला की घेतो,” ताई म्हणाल्या. “ह्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. मलासुद्धा नाही.”

मामांनी बॉनेट ठोकलं, मग दारं, मग मागची बाजू. सगळीकडे एकच आवाज. अस्सल गाडीचं असंच असतं, त्यांनी स्वतःला बजावलं. तरी मनात शंकेची पाल चुकचुकली. बायको हल्ली सारखी म्हणायची, “तुमच्या टीव्हीचा आवाज इतका मोठा असतो की शेजाऱ्यांनी त्यांचा टीव्ही विकून टाकला.” तेव्हा मामा हसले होते. आता त्यांनी बॉनेट पुन्हा ठोकून पाहिलं. गाडी एकसारखी होती, की त्यांनाच फरक कळत नव्हता?

ताई पाणी आणायला आत गेल्या, तसे मामा लगबगीने फाटकाबाहेर आले. त्यांच्या स्वतःच्या गाडीचं डावं दार खांबावर आपटून चेपलं होतं, आणि त्यात पुट्टी त्यांनी समोर उभं राहून भरून घेतली होती. त्यांनी डावं दार ठोकलं, उजवं ठोकलं. पुन्हा डावं, पत्र्याला कान टेकवून. दोन्ही सारखीच.

“काय झालं, मामा?” ताई तांब्या घेऊन मागे उभ्या होत्या.

“काही नाही. जरा ऐका. या दोन दारांत फरक वाटतो?”

“वाटतो की. हे उजवं रिकाम्या डब्यासारखं वाजतंय, ते डावं भरलेल्या डब्यासारखं.”

मामा त्यांना शेडमध्ये घेऊन गेले. कोणतं उत्तर हवं ते त्यांनी सांगितलं नाही. ते ठोकत गेले आणि ताई दर वेळी एकच म्हणत गेल्या, “रिकामा डबा.”

“अस्सल आहे,” शेवटी मामा म्हणाले. “पुरा भाव मिळेल.”

हे सुख ताईंचं होतं. मामांना पुढची गाडी दिसत होती, आणि तिथे ऐकायला ताई नसणार होत्या.

ताई पदराने डोळे पुसत हळूच काहीतरी बोलल्या. मामांनी मान डोलावली. त्या काय बोलल्या ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, आणि पुन्हा विचारायची त्यांना भीती वाटली.