मधमाश्या की दीपगृह?

आमच्या एल्म फॉल्समध्ये त्या वर्षी एक कुजबुज होती, रोबर्टा लुंडे परीक्षावाल्यांची हेर आहे म्हणून. लोक उगीच का बोलतात? हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवणारी एक्कावन्न वर्षांची बाई कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेला पोरांमध्ये बसते, तीही तिसऱ्यांदा! शिवाय मागच्या वसंतात दोन पोरांचे गुण रद्द झाले, तेव्हा ती नेमकी त्यांच्याच मागे बसली होती. आता बोला.

परीक्षा सुटली की पोरं कोपऱ्यावरच्या पॅनकेकच्या दुकानात उत्तरं जुळवायला जमायची. प्रश्न बाहेर फोडणार नाही असं सकाळीच स्वतःच्या हातानं लिहून दिलेलं असायचं, पण भूक लागली की कोणाला आठवतं!

त्या शनिवारी कर्स्टन हाउगेनच्या मात्र घशाखाली घास उतरेना. या परीक्षेत कुठल्यातरी एका विषयाचा एक जादा भाग नुसता चाचपणीचा असतो, ज्याला त्याला वेगळ्या विषयाचा. त्याचे गुण धरत नाहीत, आणि तो कोणता हेही सांगत नाहीत. कर्स्टनच्या वाट्याला व्याकरणाचे दोन भाग आले होते. मधमाश्यांच्या उताऱ्याचा झकास गेला, दीपगृहाचा पार बोंबलला. दीपगृहाचा भाग खरा असेल, तर बुधवारच्या आत आपली परीक्षाच रद्द करून घ्यायची. नसेल, तर रद्द करणं म्हणजे शिष्यवृत्तीवर आपणच पाणी सोडणं.

"डेरेक, तुला व्याकरणाचा एकच भाग होता ना? तोच खरा. कोणता होता?" तिनं समोर बसलेल्या वर्गमित्राला विचारलं.

"मी पेपरच्या कडेला बदकांची चित्रं काढत बसलेलो गं. मला बदकंच आठवतायत."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून रोबर्टाबाई बशी घेऊन आल्या. "पोरांनो, बाराव्या प्रश्नाला तुम्हीही 'चूक नाही' हाच पर्याय लिहिलात का रे?"

डेरेकनं टेबलाखालून कर्स्टनला लाथ मारली. "तोंड उघडू नकोस," तो पुटपुटला, "पकडायलाच आलीय."

कर्स्टननं बाईंकडे नीट पाहिलं. बुटांवर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ, कानामागे चावून चावून बारीक झालेली पेन्सिल. इतका भोळेपणा खरा असतो का कुठे? पण बुधवार काही थांबणार नव्हता.

"मिसेस लुंडे, तुम्हाला कशाला हवंय?"

"ओळीनं चार वेळा 'चूक नाही' लिहून आलेय गं. चारही वाक्यं बरोबर कशी असतील?"

"आमची नावं कळवणार नाही ना कुणाला?"

"कुणाला कळवू? माझ्या ट्रकला?"

कर्स्टन पुढे वाकली. "तुम्हाला व्याकरणाचे भाग किती होते?"

"एकच. मधमाश्यांचा. ती राणीमाशी बाई जन्मात विसरणार नाही मी."

"दीपगृह?"

"कसलं दीपगृह?"

"फसवतेय ती," डेरेक म्हणाला. कर्स्टननं त्याच्याच ताटातला पॅनकेक उचलून तोंडात कोंबला. बुधवार आला आणि गेला, तिनं रद्द करायचा अर्ज भरला नाही.

शिष्यवृत्ती मिळाली. गावातली कुजबुज मात्र वर्षभर टिकली.

रोबर्टा हेर नव्हती. तिला शिक्षिका व्हायचं होतं, आणि कॉलेजला लागणारे गुण तिला आधी दोनदा कमी पडले होते.