बिमारासाठी आणलेले बिस्कीटपुडे

"मोठ्या आतड्याला जखमा आहेत. कशाच्या, ते तुकडा तपासल्यावर कळेल." अमरावतीचे डॉक्टर बोलले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण घालून आतडं पाहणं, नुकतीच झाली होती. त्या तुकड्याच्या तपासणीला बायोप्सी म्हणतात. मला मात्र त्यांनी न उच्चारलेला एकच शब्द ऐकू येत होता. कॅन्सर.

सुरुवात अकोल्यात, घरीच झाली. पोटात मुरडा यायचा, सारखं संडासला पळावं लागायचं. आमच्या वऱ्हाडात पोट बिघडलं की खापर मिरचीवर फुटतं. आमच्या यांनी आधी ठेचा बंद केला, मग भाकर, मग वरणही. "बिमार माणसानं हलकं खावं," म्हणाले. हलकं म्हणजे काय, तर टोस्ट, खारी, बिस्किटं, पाकिटातलं सूप, नूडल्स. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्कीटपुडा आणायचा. बिमाराकडे रिकाम्या हातानं कोण जातं? पोट जितकं बिघडलं, तितकं मी हे 'हलकं' जास्त खाल्लं. मग रक्त दिसलं आणि आम्ही अमरावती गाठली.

रिपोर्टची वाट पाहणं सर्वांत वाईट. दवाखान्याच्या बाकड्यावर हे म्हणत होते, "काहून भेऊन राह्यली? काही नाई होत." थोड्या वेळानं स्वतःच हळूच म्हणाले, "तुले काही झालं तं मी काय करू?" मग मी फारच घाबरले.

कॅन्सर नव्हता. अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होणं. औषधं कायमची. डॉक्टर म्हणाले, "पाकिटातल्या खाण्यानंच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्यातली काही द्रव्यं या अस्तराला त्रास देत असावीत. ते बंद करा. सध्या मऊ भात, मुगाचं वरण. भाकर सूज उतरल्यावर."

तुम्हाला रक्त दिसलं तर मिरचीला दोष देत घरी बसू नका. दुर्बिणीपेक्षा वाट पाहण्यानंच माझा जास्त जीव घेतला.

आता बरं आहे, पण भीती गेलेली नाही. रोज सकाळी मी संडासातून बाहेर आले की हे काही न विचारता माझ्या तोंडाकडे पाहतात. मी मान हलवते. आज रक्त नाही. मग हे वरणाचा कुकर लावतात.