शुक्रवारचे किल्ले

आमच्या आजोबांची केळव्याजवळ पानवेलींची वाडी आहे. मे महिन्यात एक दिवस पाणी चुकलं तर वेली माना टाकतात, आणि आजोबा त्यांच्याही आधी टाकतात. त्यामुळे लहानपणी सुट्टीत आम्ही किल्ले बघायचो ते फक्त शुक्रवारी. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची, पंप बंद पडायचा आणि आजोबा नाइलाजाने मोकळे व्हायचे.

पंचाईत एवढीच, की लाइट परत कधी येईल ते कोणी सांगू शकत नसे. शिरगावच्या किल्ल्यात मी बुरुजाच्या पायऱ्या अर्ध्या चढले असेन, तेवढ्यात शेजारच्या वाडीत पंप घुरघुरला. आजोबांनी कान टवकारले.

"लाइट आली. चल."

"वरून समुद्र दिसतो म्हणे, आजोबा."

"समुद्र काय पळून जातो? पानं जातील."

केळव्याशेजारच्या माहीमच्या किल्ल्याच्या तर आम्ही दारातूनच परतलो. शाळेतल्या निबंधात मी किल्ल्यांच्या दरवाजांचं वर्णन फार सविस्तर करायची, कारण आत काय असतं ते मला ठाऊकच नव्हतं. पालघरच्या मागचा काळदुर्ग दरवर्षी "पुढल्या वर्षी" असायचा. आजोबांबरोबर एकदा तरी एखाद्या किल्ल्याच्या माथ्यावर उभं राहायचं, हा हट्ट माझ्या डोक्यातून गेला नाही. मी मोठी झाले, बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला लागले, तरी गेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी मुळावरच घाव घातला. वाडीत ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि पंपाला मोबाइल स्टार्टर बसवला. लाइट आली की माझा फोन वाजतो, रेकॉर्ड केलेली एक बाई तसं सांगते, मी एकचं बटण दाबायचं, पंप चालू. आजोबांनी सगळं नीट बघितलं, "चांगलं हाय" म्हणाले आणि दोन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, कैरीने दात आंबले असतील.

मग शुक्रवार धरून आम्ही काळदुर्गावर निघालो. आजीने मला बजावलं, "त्यांना पडू नको देऊ." पडायची वेळ माझ्यावर आली होती. आजोबा काठी टेकत पुढे, मी धापा टाकत मागे. वाटेत ते किल्ला बांधणाऱ्यांच्या चुका काढत होते. वर पाणी चढवायची सोय नाही, सावलीला एक माड नाही, इथे माणूस राहील कसा?

माथ्याचा कातळ समोर आला आणि फोन वाजला. लाइट आली होती. मी ऐटीत एक दाबलं. बाई म्हणाली, मोटर सुरू होऊ शकली नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

आजोबांचा चेहरा इतका खुललेला मी कधी बघितला नव्हता. "बघ. मला ठाऊक होतं. चल खाली."

मला रडूच कोसळलं. इतकी वर्षं वाट बघितली, आता एक कातळ उरला होता, आणि आजोबा काठी फिरवून उताराला लागलेसुद्धा. मी तिथेच बसून ढसाढसा रडले. तेव्हा मात्र ते मागे आले, बंडीच्या खिशातून मला डोळे पुसायला रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर पंपाचा पांढरा चिनीमातीचा फ्यूज टणकन दगडावर पडला.

दोघांनीही त्याच्याकडे बघितलं.

"हा इथे कसा आला?" मी विचारलं.

आजोबा शेजारी बसले. त्यांनी काठीने मातीत रेघा ओढल्या. "सकाळी मीच काढला. माझ्याशिवाय पंप चालू झाला, तर मी धावत कोणासाठी जायचं?"

मला हसू आलं. त्यांना मोकळं करायच्या नादात मी त्यांना बेकार करून ठेवलं होतं, आणि विचारलं तर एका शब्दाने नव्हतं.

"फोन तुमच्याकडे येईल असं करते," मी म्हटलं. "बटण तुम्हीच दाबायचं."

"आणि मी वाडीत असलो तर?"

"तर हाताने चालू करा. बाईला गप्प बसवते."

त्यांनी विचार केला, फ्यूज उचलून खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं. मी आपली उठून खालच्या वाटेला लागले.

"तिकडे कुठे?" आजोबा म्हणाले. ते कातळाकडे तोंड करून उभे होते. "पानं थांबतील संध्याकाळपर्यंत."