बावडी खाली आहे

चंडीगढच्या मराठी बायकांना डोंगरावर न्यायचं खूळ माझं. मी साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी सेक्टर तीसमध्ये आले आणि इथेच केस पिकले. कालक्याच्या वरची ती डोंगराची लांबलचक धार मला तळहातासारखी माहीत. पण गेल्या वर्षी गुडघा कुरकुरायला लागला, आणि ग्रुपमध्ये कुजबुज सुरू झाली. होळीच्या सुट्टीत बर्फातला मोठा ट्रेक होता. तो मी न्यायचा की मला आता घरी बसवायचं, हे दिवाळीनंतरच्या या धारेवर ठरणार होतं. तोंडावर कुणी बोललं नाही. बोलतात कुठे? मला मात्र तो ट्रेक हवा होता. या गावात लोक मला ओळखतात ते तेवढ्यासाठीच.

तिघीच निघालो. एक डॉक्टरीण, माझी जुनी मैत्रीण, इथल्याच मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला. दुसरी कर्नलीणबाई, पुण्याची, चंडीमंदिरला बदली होऊन नुकतीच आलेली. गाडी तिची, ड्रायव्हर तिचा, म्हणून आवाजही तिचाच. "ताई, तुम्ही सावकाश या हं," असं ती मला चढ लागायच्या आधीपासून म्हणत होती. तिच्या तोंडचं 'तुम्ही' ऐकलं की माझं वय वाढायचं.

अर्धी धार झाली आणि पाणी संपलं. संपणारच. बाईंनी संत्री खाऊन हात धुतले होते, तेही दोनदा. मी जरा मागे होते. समोरून गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. तिला कर्नलीणबाईंनी आपल्या पुणेरी हिंदीत विचारलं, "बावडी खाली है ना?" बावडी म्हणजे इथला दगडात बांधलेला झरा. ती बाई म्हणाली, "हां जी, बिलकुल खाली," आणि भारा सावरत निघून गेली.

मी जवळ पोचेपर्यंत दोघींनी उतरायची तयारी केली होती. मी म्हटलं, "अगं, खाली म्हणजे रिकामी. ती हिंदीत बोलली. बावडी कोरडी पडलीय."

कर्नलीणबाईंनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "ताई, उतरायचं नसेल तर तसं सांगा ना. त्यात लाजायचं काय?"

मी डॉक्टरणीकडे बघितलं. ही बाई रोज ओपीडीत हिंदी बोलते. 'पेट खाली है क्या' हे ती दिवसातून किती वेळा विचारत असेल देव जाणे. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिली. बांधलेलीच होती नाडी. मग म्हणाली, "जाऊन तर बघू. तू बस इथेच, सामान सांभाळ."

सामान सांभाळ! मला, जिने हिला पहिला चढ हात धरून चढवला. दोघींनी सॅका माझ्यापुढे टाकल्या, भरून आणतो म्हणून माझीही बाटली घेतली आणि गेल्या. मी चिडून बसले. खरं सांगायचं तर बावडी कोरडीच निघावी असं मनापासून वाटत होतं.

कोरडीच निघाली. डॉक्टरणीचा फोन आला. "अगं, पाणी नाहीये. पण इथून गाडीरस्ता जवळ आहे, ड्रायव्हरला बोलावलंय. आता परत वर कोण चढणार? तू धारेनेच पुढे ये, खाली ढाब्यावर भेटतो."

"आणि तुमच्या सॅका?"

"आण ना गं तेवढ्या."

आणल्या. एक पाठीवर, एक पोटावर, एक हातात. जीभ टाळूला चिकटली होती, गुडघ्यातून कळा येत होत्या आणि मी त्या दोघींना साताऱ्याच्या अस्सल शिव्या देत चालले होते. उतरले तेव्हा दोघी ढाब्यावर पराठे खात होत्या. पाणी मी मागून घेतलं. पण धार पूर्ण केली ती मी एकटीने, आणि मनात म्हटलं, आता बोला.

बोलल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याच घरी होतं. ग्रुपमधल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, आणि कर्नलीणबाईंनी किस्सा सांगायला घेतला. "आमच्या ताईंनी त्या गवतवालीला विचारलं, बावडी खाली है ना? ती म्हणाली, हां जी, खाली! आणि ताईंनी आम्हाला पाठवलं की खाली. इतकी वर्षं इथे राहून अजून मराठीच चालू आहे बाई डोक्यात." बायका हसून हसून लोळल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या माझ्याच दिवाणखान्यात ऐकल्या.

मी म्हटलं, "मी नाही, यांनी विचारलं. हिला विचारा, ही होती तिथे."

सगळ्यांनी डॉक्टरणीकडे बघितलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ दे ना यार. होतं असं या वयात." आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, पेशंटशी बोलतात त्या आवाजात, "होळीला तू ये हं नक्की. खाली गाडीपाशी बस. आम्ही वर जाऊन येतो."

यावेळी खाली म्हणजे काय, ते सगळ्यांना बरोबर कळलं.

तिळगुळाचं ताट माझ्या हातात होतं. यजमानीण मी, द्यावाच लागतो. तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, "गोड बोल."