तीन बोटांची केस

टेलरमास्तरांच्या पोटात डाव्या बाजूला वाढलेली प्लीहा, म्हणजे पाणथरी, होती, आणि तिच्या जोरावर ते डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत गेली अठरा वर्षं मान मिरवून होते. बरगडीखाली बरोब्बर तीन बोटं उतरलेली. परीक्षा आली की मेडिकल कॉलेजातून निरोप यायचा. मग मास्तर दुकानाला कुलूप लावून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्डातल्या सात नंबरच्या खाटेवर जाऊन पडायचे. विद्यार्थी त्यांना तपासायचे आणि नंतर परीक्षक विद्यार्थ्यांना सोलून काढायचे. कॉलेजात सगळे त्यांना ‘तीन बोटं’ म्हणत. मास्तरांना त्याचा राग नव्हता. उलट जरा भावच खायचे.

आणि गडी नुसता पडून राहणारा नव्हता. घाबरलेलं पोर दिसलं की हळूच कुजबुजायचा, "डावीकडे बघ बाळा. प्लीहा. तीन बोटं. लिव्हर नॉर्मल." असे किती डॉक्टर पास झाले, देव जाणे. हे बरं नाही, हे मास्तरांनाही कळत होतं, पण पोरांचे पडलेले चेहरे त्यांना बघवत नसत.

यंदा खाटेशी आली ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसलेली मुलगी. गेल्या खेपेला तोंडी परीक्षेत दातखीळ बसली आणि नापास झाली. मास्तरांनी नेहमीचं कानात सांगितलं. ती "हो" म्हणाली, गार पडलेले हात चोळून गरम केले आणि पार खालपासून पोट तपासत वर आली.

"काका, मला पाच लागतायत."

"तीन आहेत गं. अठरा वर्षं तीनच आहेत. उगाच शहाणपणा केलास तर परत घरी बसशील."

तिचे डोळे भरून आले. पुन्हा एकदा हात ठेवून पाहिला आणि कागदावर तिने पाचच लिहिलं. मास्तर चरकले.

परीक्षक म्हणजे मोठे डॉक्टर, मास्तरांना पहिल्या वर्षापासून ओळखणारे. कागद बघून ते हसले.

"पाच? अहो, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी ही केस ठेवतोय. परत सांगा, किती?"

"पाच, सर." आवाज कापत होता, पण आकडा हलला नाही.

डॉक्टरांनी मार्क द्यायला पेन उघडलं आणि गमतीनं विचारलं, "काय मास्तर, तुम्हीच सांगा हिला. किती?"

मास्तरांनी उघडलेल्या पेनाकडे पाहिलं. तीन म्हटलं असतं तर सगळं आहे तसंच राहिलं असतं. खाट, मान, दुपारी आपलं घरी जाणं. मुलगी तेवढी बुडाली असती.

"साहेब, तीन महिन्यांत मी माझ्या पँटची कंबर दोनदा उसवून वाढवलीय. आणि बाकीचं अंग वाळत चाललंय. हात लावून बघा."

डॉक्टरांनी हात लावला. बराच वेळ उचलला नाही.

"पाच," ते म्हणाले. मग मुलीकडे वळून, "तुमचं बरोबर आहे, जा." मास्तरांकडे बघायला त्यांना जड जात होतं. "दोन वर्षं झाली, मी तुमच्या पोटाला हातच लावला नव्हता. चुकलं माझं. आज घरी जायचं नाही, ॲडमिट करतोय."

ते कागद आणायला गेले. मुलगी मात्र तिथेच उभी होती.

"काका, घरी कुणाला कळवू?"

वय, धंदा, दुखणं कधीपासून, या सगळ्यांची उत्तरं मास्तरांना तोंडपाठ होती. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"बायको आहे," ते म्हणाले. "पण फोनवर जरा सांभाळून बोल. आजार कधीच बरा झाला, आता नुसता पोरांना शिकवायला जातो, असं मी तिला सांगून ठेवलंय."